जॉर्ज मायनॉट : रोज स्वतःला सुई टोचणारा डॉक्टर आणि बी-12 चे इंजेक्शन

दवाखान्यात हल्ली आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी बी-12 चा रिपोर्ट घेऊन येते आणि विचारते, की इंजेक्शने लिहून द्याल तर घरीच टोचून घेऊ का. काहींनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. काहींच्या घरी मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारे कुणी असते. आजोबा रोज पोटाला टोचून घेतात, मग यात अवघड ते काय, असे त्यांना वाटते. प्रश्न रास्त आहे. उत्तर सरसकट हो नाही आणि सरसकट नाहीही नाही.

हा प्रश्न आला की मला बोस्टनच्या डॉ. जॉर्ज रिचर्ड्स मायनॉट यांची आठवण होते. त्यांनी आयुष्याची शेवटची 27 वर्षे इन्सुलिनच्या सुईवर काढली. आणि त्याच वर्षांत त्यांनी जे काम केले, त्यातूनच पुढे बी-12 चे इंजेक्शन जन्माला आले. इन्सुलिन वेळेवर मिळाले नसते, तर ते काम पूर्ण करायला मायनॉट बहुधा उरलेच नसते. त्यांची गोष्ट समजली की हे इंजेक्शन कुणाला लागते, कुणाला लागत नाही आणि घरी घ्यायचे तर काय सांभाळावे, हे आपोआप उलगडत जाते.

डॉक्टरांच्या घरातला नाजूक मुलगा

मायनॉट यांचा जन्म 2 डिसेंबर 1885 रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. वडील जेम्स जॅक्सन मायनॉट डॉक्टर होते. एक पणजोबा तर बोस्टनचे प्रसिद्ध मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल स्थापन करणाऱ्यांपैकी एक. घरात वैद्यकी अशी मुरलेली असली, तरी मुलगा मात्र लहानपणी सारखा आजारी. बोस्टनची थंडी सोसत नाही म्हणून हिवाळ्यात त्याला उबदार प्रदेशात नेत. तिथे मोकळ्या हवेत त्याला फुलपाखरांचा नाद लागला. पंखांवरची नक्षी पाहायची, फरक टिपायचे, नोंद ठेवायची. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास रक्ताच्या पेशी पाहणाऱ्या माणसाची ही तयारीच म्हणायची.

1912 मध्ये हार्वर्डमधून ते डॉक्टर झाले. त्यानंतर आधी मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये आणि मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी काम केले. बाल्टिमोरला रक्त गोठण्याच्या क्रियेचा अभ्यास करून 1915 मध्ये ते बोस्टनला परतले. त्याच वर्षी लग्न झाले. पुढे दोन मुली आणि एक मुलगा, असा संसार.

त्या काळी रक्ताच्या आजारांत सर्वांत भयंकर समजला जाई तो पर्निशियस ॲनिमिया. साधारण चाळिशी-पन्नाशीनंतर माणूस हळूहळू पिवळट-पांढरा पडायचा. जीभ लाल, गुळगुळीत व्हायची आणि चुरचुरायची. हातापायांना मुंग्या यायच्या, चाल अडखळायची. मध्येच काही महिने बरे वाटायचे आणि आजार पुन्हा उलटायचा. बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. आर्सेनिक देऊन पाहत, रक्त देऊन पाहत, प्लीहा काढून पाहत. मायनॉट यांनी स्वतःही या उपायांचा अभ्यास केला होता. यातला कोणताही उपाय आजार थांबवत नाही, अधूनमधून होणारी सुधारणा आपोआपही होते, हे त्यांना कळून चुकले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. सुई घेतली आणि बरे वाटले म्हणजे सुईनेच बरे वाटले असे नसते, ही शंका त्यांच्या मनात कायम असे. ती शंका होती म्हणूनच पुढचा शोध पक्का झाला.

तरुण डॉक्टर असल्यापासून त्यांना एक सवय होती. रुग्ण काय जेवतो, हे ते खोदून खोदून विचारत. वरवर नाही, किती, केव्हापासून, काय आवडत नाही, काय सोडले. पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांचे जेवण पाहताना यांच्या आहारातच काहीतरी कमी पडत असावे, असे त्यांना वाटू लागले. तेव्हा व्हिटॅमिन ही कल्पना नवी होती. बेरीबेरी, स्कर्व्ही हे आजार आहारातल्या उणिवेमुळे होतात हे नुकतेच मान्य होत होते. तरीही रक्ताचा एवढा जीवघेणा आजार जेवणातून बरा होईल, असे बहुतेकांना पटण्यासारखे नव्हते.

डॉक्टरच रुग्ण होतो

1921 च्या शरद ऋतूत, छत्तिशी गाठायच्या आतच, मायनॉट यांना मधुमेह झाल्याचे निदान झाले. साधासुधा नव्हे, तर इन्सुलिनशिवाय जगणे कठीण अशा प्रकारचा. आणि इन्सुलिन तर अजून औषध म्हणून अस्तित्वातच नव्हते. त्यावेळी अशा रुग्णाला एकच उपाय होता : जवळजवळ उपाशी ठेवणे. बोस्टनमध्येच डॉ. एलियट जॉस्लिन हे मधुमेहाचे त्या काळचे सर्वांत जाणते डॉक्टर होते. मायनॉट त्यांचे रुग्ण झाले. अन्न तराजूत तोलून खायचे, लघवीतली साखर तपासायची, नोंद ठेवायची. एवढे करूनही उंचापुरा माणूस दिवसेंदिवस वाळत चालला. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होते, कारण ते स्वतः डॉक्टर होते.

त्याच सुमारास टोरंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांचे प्रयोग चालू होते. जानेवारी 1922 मध्ये पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचले गेले. त्या उन्हाळ्यात ते जॉस्लिन यांच्यापर्यंत आले, पण तुटपुंजे. जानेवारी 1923 मध्ये मायनॉट यांचे इन्सुलिन सुरू झाले.

आज पेनमधून चार मिलिमीटरची सुई टोचणाऱ्याला तेव्हाच्या इन्सुलिनची कल्पना येणार नाही. सिरिंज काचेची. ती आणि सुई दर वेळी उकळून घ्यायची. सुई जाड आणि तीच तीच वापरायची, म्हणून बोथट झाली की दगडावर धार लावायची. इन्सुलिनचा परिणाम काही तासच टिके, त्यामुळे दिवसातून एकाहून अधिक वेळा टोचावे लागे. जास्त वेळ टिकणारे इन्सुलिन यायला 1936 उजाडले. मात्रा थोडी जास्त झाली तर साखर उतरून घाम, कापरे, बेशुद्धी. कमी पडली तर पुन्हा आजार डोके वर काढणार.

हे सगळे घरी कसे जमले? जॉस्लिन यांचे वैशिष्ट्य असे, की ते रुग्णाला आधी शिकवत आणि मगच सुई हातात देत. त्यासाठी त्यांनी शिकवणाऱ्या परिचारिका तयार केल्या होत्या. मायनॉट स्वतः नामांकित डॉक्टर असूनही त्यांनी आपल्या आजाराचा कारभार आपल्याच हाती घेतला नाही. सुई त्यांची, पण मात्रा आणि आहार जॉस्लिन यांच्या देखरेखीखाली. घरी इंजेक्शन घेण्यातली पहिली सुरक्षितता हीच आहे, असे मला वाटते. टोचायचे आपण, काय, किती आणि केव्हापर्यंत हे मात्र आपल्याला ओळखणाऱ्या डॉक्टरने ठरवायचे. सुई कशी टोचायची हे अर्ध्या तासात शिकता येते. सुई लागते की नाही, हे कळायला मात्र तपासणी लागते.

अर्धा पाव कलेजी

इन्सुलिनने हळूहळू ताकद परत आली आणि मायनॉट पुन्हा आपल्या जुन्या प्रश्नाकडे वळले. याच काळात जॉर्ज व्हिपल हे शास्त्रज्ञ फ्रिडा रॉबशाइट-रॉबिन्स यांच्यासह कुत्र्यांवर प्रयोग करत होते. कुत्र्यांचे रक्त वारंवार काढून त्यांना रक्तक्षय करायचा आणि कोणत्या अन्नाने रक्त लवकर भरते ते पाहायचे. सर्वांत चांगली ठरली कलेजी, म्हणजे प्राण्याचे यकृत.

इथे एक गंमत आहे. त्या कुत्र्यांचा रक्तक्षय लोह कमी झाल्याने झालेला होता आणि कलेजीतल्या लोहाने तो भरून येत होता. पर्निशियस ॲनिमियाचे कारण अगदीच वेगळे. म्हणजे सुगावा दुसऱ्याच आजारातून लागला आणि तरीही बरोबर निघाला, कारण कलेजीत लोहही असते आणि आज आपण ज्याला बी-12 म्हणतो तेही.

मायनॉट यांनी आपल्या काही रुग्णांना कलेजी खायला सांगून पाहिले होतेच. मग विल्यम मर्फी हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला आणि दोघांनी शिस्तीत काम सुरू केले. रोज शंभर ते दोनशे चाळीस ग्रॅम कलेजी, अगदी कमी शिजवलेली, शिवाय मांस, फळे, भाज्या. मळमळणाऱ्या, जीभ सोललेल्या, आठवडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रोज एवढी कलेजी खायला लावणे म्हणजे काय, याची कल्पना करा. काहींना ती बारीक वाटून फळांच्या रसातून द्यावी लागे. पण ज्यांनी खाल्ली ते साधारण आठवड्याभरात बोलू लागले, जेवण मागू लागले, आणि काही आठवड्यांत उठून बसले.

मायनॉट यांना मात्र नुसत्या बरे वाटण्यावर भरवसा नव्हता. ते रक्तातल्या कोवळ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, मोजत. उपचार लागू पडला तर चार-पाच दिवसांनी या कोवळ्या पेशी एकदम वाढायला लागतात आणि काही दिवसांत पुन्हा खाली येतात. मागून हिमोग्लोबिन चढते. ही लाट दिसली म्हणजे सुधारणा आपोआप झालेली नाही, औषधाने झाली. मे 1926 मध्ये अटलांटिक सिटीच्या बैठकीत मायनॉट आणि मर्फी यांनी 45 रुग्णांची हकिकत मांडली आणि ऑगस्टमध्ये ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पत्रिकेत छापून आली. ज्या आजारात रुग्ण मरणार हे गृहीत धरलेले असे, त्यातले 45 रुग्ण सुधारले होते.

रेटिक्युलोसाइटची तपासणी आजही होते आणि फार महागही नसते. बी-12 सुरू केल्यावर आठवड्याने ही पेशीसंख्या वाढलेली नसेल, तर निदान पुन्हा तपासावे लागते. दहा इंजेक्शने घेतली, थोडे बरे वाटले, म्हणून आणखी दहा घेतो, असे सांगणारे रुग्ण मला भेटतात. त्यातल्या काहींचा खरा आजार थायरॉइडचा, काहींचा लोह कमी असल्याचा, तर काहींचा झोप न मिळण्याचा निघतो. आणखी एक अडचण : आधी इंजेक्शन आणि मग रक्ततपासणी असे केले, तर बी-12 चा आकडा भरपूर येतो आणि मुळात कमी होते का, हे कळायची वाटच बंद होते. म्हणून आधी रक्त, मग सुई.

तोंडाने का नाही?

आता मुख्य मुद्द्याकडे. रोज एवढी कलेजी का लागत होती? चव म्हणून नव्हे. याचे उत्तर मायनॉट यांच्याच हाताखालच्या डॉक्टरने शोधले. 1928 मध्ये मायनॉट बोस्टन सिटी हॉस्पिटलमधील थॉर्नडाइक प्रयोगशाळेचे संचालक झाले. तिथे विल्यम कॅसल हे तरुण डॉक्टर होते. त्यांच्या मनात आले, की निरोगी माणसाला रोज पावभर कलेजी खावी लागत नाही, मग त्याच्या पोटात असे काय आहे जे या रुग्णांच्या पोटात नाही? त्यांनी स्वतः कमी शिजवलेले गोमांस खाल्ले, तासाभराने ते उलटीने बाहेर काढले आणि नळीने रुग्णाच्या पोटात घातले. किळसवाणा प्रयोग खरा, पण रुग्णांच्या कोवळ्या लाल पेशी वाढल्या. नुसते मांस देऊन त्या वाढत नव्हत्या.

म्हणजे निरोगी जठरात एक पदार्थ तयार होतो. तो अन्नातल्या घटकाला धरून ठेवतो, म्हणून आतड्यातून तो घटक शोषला जातो. या पदार्थाला पुढे इंट्रिन्सिक फॅक्टर असे नाव पडले. पर्निशियस ॲनिमियात जठराचे अस्तर खराब होऊन हा पदार्थ बनत नाही. मग खाल्लेले बी-12 शरीरात जवळपास शिरतच नाही. कलेजीच्या ढिगातून थोडेसे, साधारण शेकड्यात एक एवढे, या पदार्थाशिवायही झिरपते. तेवढ्यावर ते रुग्ण जगत होते.

हे कळल्यावर सुईचे महत्त्व लक्षात येते. कलेजीतला अर्क काढून तो थेट स्नायूत टोचला तर जठराला वळसा घालता येतो. आधी एडविन कोहन यांनी हार्वर्डमध्ये खाण्याचा अर्क तयार केला होता. 1930 च्या सुमारास जर्मनीत गेन्सलेन यांनी टोचता येईल असा अर्क दिला. किलोभर कलेजीचे काम थोड्याशा अर्काने होऊ लागले आणि रोजच्या कलेजीऐवजी काही दिवसांनी एक सुई पुरू लागली.

थोडक्यात, बी-12 सुईने देतात ते सुई ताकदवान असते म्हणून नाही, तर ज्यांच्या जठराचा किंवा आतड्याचा रस्ता बंद आहे त्यांच्यासाठी. पर्निशियस ॲनिमिया, जठराची किंवा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची शस्त्रक्रिया झालेले, आतड्याचे काही आजार, आणि हातापायाच्या नसांवर किंवा चालण्यावर परिणाम झालेले रुग्ण, ज्यांना थांबायला वेळ नाही. आपल्याकडे मात्र बहुतेकांचे बी-12 कमी असते ते शाकाहारामुळे किंवा दूध-दही फार कमी घेतल्यामुळे. त्यांचा रस्ता उघडा असतो. त्यांना गोळ्या पुरतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचेही बी-12 उतरू शकते. त्यांनी अधूनमधून तपासून घ्यावे. खरे तर पर्निशियस ॲनिमियातही रोज 1000 मायक्रोग्रॅमची गोळी बऱ्याच जणांना लागू पडते, कारण शेकड्यात एक झिरपले तरी दहा मायक्रोग्रॅम होतात आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच असते. मग अशा माणसाने घरी सुई का टोचून घ्यावी?

मुंबईत न चाललेले इंजेक्शन

मायनॉट यांच्या शोधाला एक मर्यादा होती आणि ती उघड झाली आपल्या मुंबईत. 1928 मध्ये डॉ. ल्यूसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना असाच मोठ्या लाल पेशींचा रक्तक्षय होत होता आणि त्यात बाळंतिणी दगावत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली चित्र पर्निशियस ॲनिमियासारखेच. पण बोस्टनच्या रुग्णांना उठवून बसवणारा शुद्ध केलेला अर्क इथे चालेना. यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिला तर मात्र बायका बऱ्या होऊ लागल्या. विल्स यांनी 1931 मध्ये हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे माहीत झालेले फॉलिक ॲसिड. 1940 च्या दशकाच्या मध्यात ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतील लेडर्ली कंपनीच्या चमूचे नेतृत्व आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते.

मग उलटी चूक झाली. पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांना नुसते फॉलिक ॲसिड दिल्यावर रक्त सुधारले, चेहऱ्यावर लाली आली आणि सगळे खूष झाले. पण हातापायांच्या नसांची आणि मज्जारज्जूची हानी चालूच राहिली, काहींची तर झपाट्याने वाढली. म्हणून मुंग्या येणाऱ्या माणसाने बी-12 न तपासता नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेत राहू नये. आणि शेजारणीला लागू पडले तेच इंजेक्शन आपल्यालाही लागू पडेल, असेही समजू नये. रिपोर्टवर दोघींचे हिमोग्लोबिन सारखेच कमी दिसेल, पण कारण वेगळे असेल.

घरी घ्यायचेच असेल तर

समजा तपासणी झाली आहे, डॉक्टरांनी इंजेक्शन खरोखर लागेल असे सांगितले आहे आणि दर खेपेला दवाखान्यात येणे जमत नाही. असे रुग्ण असतात. खेड्यातून दोन बस बदलून येणारे, किंवा म्हाताऱ्या आईला जिना उतरवता येत नाही म्हणून अडलेले. त्यांना मी शिकवतो.

इन्सुलिन आणि बी-12 यांची सुई एक नाही, हे आधी समजून घ्या. इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत जाते, सुई आखूड आणि बारीक. बी-12 सहसा स्नायूत देतात; त्यासाठी दोन मिलिलिटरची सिरिंज आणि साधारण एक इंचाची सुई लागते. इन्सुलिनच्या सिरिंजवर खुणा युनिटच्या असतात, मिलिलिटरच्या नव्हे. ती बी-12 साठी वापरू नका.

पहिली काही इंजेक्शने दवाखान्यातच घ्या. क्वचित कुणाला या औषधाची तीव्र ॲलर्जी येते. बी-1 असलेल्या मिश्र इंजेक्शनांनीही येऊ शकते. म्हणून अँप्यूलवर नाव काय आहे ते वाचा. नुसते मिथाइलकोबालामिन किंवा हायड्रॉक्सोकोबालामिन आहे, की त्यात आणखी दोन-तीन व्हिटॅमिने मिसळली आहेत? डॉक्टरांनी लिहिले तेच आहे ना? मुदत संपलेली नाही ना? बी-12 चा रंग मूळचाच लाल असतो, त्याला घाबरू नये. पण आत गाळ किंवा कण दिसले तर ते टोचू नये. हे औषध उजेडात खराब होते, म्हणून खोक्यातच ठेवा.

जागा म्हणाल, तर स्वतःला टोचताना मांडी सर्वांत सोयीची. खुर्चीवर बसा, मांडी सैल सोडा. गुडघ्याच्या वर एक हाताचा तळवा आणि मांडीच्या वरच्या टोकाला दुसरा तळवा ठेवला की मधे जो भाग उरतो, त्याची बाहेरची बाजू. आतल्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिकडे जाऊ नका. आपण ज्याला कमरेतले इंजेक्शन म्हणतो, ते स्वतःला किंवा न शिकलेल्या माणसाकडून कधीच घेऊ नये. तिथून पायाला जाणारी मोठी नस जाते आणि ती दुखावली तर पाऊल लुळे पडू शकते. शिरेतून घरी काहीही घ्यायचे नाही. यावर चर्चाच नको.

हात साबणाने धुवा. सिरिंज आणि सुई दर वेळी नवी. मायनॉट यांना सुई उकळून, धार लावून वापरावी लागली. आपल्याला ती काही रुपयांत निर्जंतुक मिळते, तिथे काटकसर करू नका. अँप्यूल कापसात किंवा जाळीच्या कापडात धरून, तोंड आपल्यापासून लांब करून मोडा. औषध ओढून हवा बाहेर काढा. स्पिरिटच्या बोळ्याने कातडी पुसा आणि वाळू द्या. ओल्यावर टोचले की जास्त चुरचुरते. सुई सरळ, काटकोनात, एका झटक्यात आत. औषध मात्र सावकाश सोडा. सुई काढल्यावर बोळा दाबून धरा, चोळू नका. पुढच्या वेळी दुसरी मांडी.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावताना बोटाला टोचून घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. टोपण लावू नका. झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा ठेवा, सुई सरळ त्यात टाका आणि डबा पाऊण भरला की दवाखान्यात आणून द्या. घंटागाडीत टाकलेली सुई कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जाते.

इंजेक्शन घेताना घरात दुसरे कुणीतरी असावे आणि नंतर अर्धा तास तरी एकटे राहू नये. ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काही झाले तर वाट न पाहता 108 ला फोन करा. टोचल्या जागी दोन दिवसांनंतरही लाली वाढत असेल, गरम लागत असेल किंवा ताप आला तर दाखवायला या. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील किंवा रक्त लवकर थांबत नसेल, तर स्नायूत सुई घरी नकोच. ज्यांचे हिमोग्लोबिन फारच खाली आहे त्यांनीही सुरुवात घरी करू नये. नवे रक्त वेगाने बनू लागले की शरीरातले पोटॅशियम उतरू शकते आणि त्यावर लक्ष ठेवावे लागते.

जाता जाता दुसऱ्या एका सुईबद्दल. व्हिटॅमिन डी चे सहा लाख युनिटचे इंजेक्शन मिळते आणि काही जण बी-12 सारखेच तेही दर आठवड्याला टोचून घेतात. जास्तीचे बी-12 बहुतांशी लघवीवाटे निघून जाते. डी जात नाही. ते चरबीत साठते, रक्तातले कॅल्शियम वाढवते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. ते घरी, मनाने, कधीही नाही.

स्टॉकहोम आणि त्यानंतर

1934 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल व्हिपल, मायनॉट आणि मर्फी या तिघांना मिळाले. डिसेंबरमध्ये मायनॉट स्टॉकहोमला गेले. मेजवान्या, भाषणे, अवेळी जेवणे, लांबचा बोटीचा प्रवास. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला यातले प्रत्येक अवघड. तेरा वर्षांपूर्वी या माणसाला मोजून अन्न देऊन दिवस काढायला सांगितले होते.

थॉर्नडाइकमध्ये त्यांनी पुढच्या पिढीचे कितीतरी रक्तरोगतज्ज्ञ घडवले. नोंदींची सवय सुटली नाही. रुग्णाला जेवणाबद्दल विचारण्याचीही नाही. पण मधुमेहाने आपले काम चालू ठेवले होते. इन्सुलिनने जीव वाचत होता, तरी साखर दिवसभर सारखी राखण्याची साधने त्या काळी नव्हती आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान होत राहिले. 1947 मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि एक बाजू दुबळी झाली.

पुढच्याच वर्षी, 1948 मध्ये, अमेरिकेत मर्क कंपनीच्या आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोच्या शास्त्रज्ञांनी कलेजीतला तो घटक अखेर शुद्ध स्वरूपात वेगळा केला. लाल रंगाचे स्फटिक. त्याला व्हिटॅमिन बी-12 असे नाव मिळाले. त्याचे काही मायक्रोग्रॅम टोचले की रुग्णाच्या रक्तात कोवळ्या लाल पेशींची तीच ओळखीची लाट दिसत होती, जी मायनॉट यांनी वीसहून अधिक वर्षांपूर्वी कलेजी खाणाऱ्या रुग्णांत मोजली होती. कलेजीच्या अर्काने होणारी ॲलर्जीही त्यामुळे पुष्कळ कमी झाली. या रेणूची संपूर्ण रचना डोरोथी हॉजकिन यांनी 1950 च्या दशकात उलगडली. ते पाहायला मायनॉट नव्हते. 25 फेब्रुवारी 1950 रोजी, चौसष्टाव्या वर्षी, बोस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये त्यांचे निधन झाले. जानेवारी 1923 मध्ये सुरू झालेले इन्सुलिन त्यांनी सत्तावीस वर्षे घेतले होते.